पालखी पुढे गेल्यावर

(दृश्य : रात्र. भवानी पेठ. ओळीनं झोपलेले वारकरी, उशाला पडश्या.)

आषाढीच्या आधी ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत उतरते आणि तुकोबांची नाना पेठेत, निवडुंग्या विठोबाला. त्या रात्री पुण्याचे फुटपाथ माणसांनी भरून जातात. दुकानांच्या पायऱ्या, शाळांची पटांगणं, पुलाखालची जागा. जिथं पाठ टेकेल तिथं वारकरी आडवा होतो. पेठेतली माणसं चहाच्या किटल्या घेऊन फिरतात, कुणी दमलेले पाय चेपून देतं. आधार कार्ड कुणी मागत नाही.

पालख्या हडपसरकडे निघाल्या, की त्याच फुटपाथवर मोजकी माणसं उरतात. ती वर्षभर तिथंच असतात. त्यांच्यासाठी मात्र एक कायदा आहे.

(दृश्य : पुणे स्टेशनसमोरचा रस्ता. बंद शटरखाली झोपलेली एक आकृती.)

मुंबई भीक प्रतिबंध अधिनियम, १९५९. मूळ नावात मुंबई असली तरी तो पुण्यालाही लागू आहे. भीक मागणं म्हणजे काय, हे या कायद्यानं फार ऐसपैस सांगून ठेवलंय. हात पसरणं तर आलंच. पण गाणं, नाचणं, भविष्य सांगणं, कसरती करणं, काही विकायचं निमित्त करून पैसे घेणं, हेही त्यात आलं. आता मोरपिसांची टोपी घातलेला वासुदेव आठवा. कडकलक्ष्मी, नंदीबैलवाला, दोरीवर चालणारी डोंबाऱ्याची पोर आठवा. दिवाळी अंकात आपण ज्यांचे फोटो लोककलावंत म्हणून छापतो, ते सगळे या व्याख्येत बसतात.

आणि हे पुणं माधुकरीचं. ‘ॐ भवति भिक्षां देहि’ म्हणत दारोदार फिरून शिकलेल्या मुलांच्या गोष्टी इथल्या पेठांमध्ये आजही अभिमानानं सांगतात. सांगाव्यातच. पण भिक्षा आणि भीक यांतला फरक नेमका कोण ठरवतं?

व्याख्येतलं सगळ्यात अवघड कलम पुढेच आहे. ज्याच्याकडे पोट भरण्याचं दिसेल असं साधन नाही, आणि जो सार्वजनिक जागी अशा अवस्थेत फिरतोय किंवा थांबलाय की हा भिकेवरच जगत असावा असं वाटेल, तोही भीक मागणाराच. ‘वाटेल’ हा शब्द लक्षात घ्या. हात पसरलेला असण्याची गरज नाही. पोलिसांना वॉरंट लागत नाही. बेघर माणूस या कायद्यात सापडतो, तो इथं.

(दृश्य : येरवडा. भिक्षेकरी केंद्राकडे जाणारा रस्ता.)

पुढे न्यायदंडाधिकाऱ्यासमोर झटपट चौकशी होते. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवता येतं. तिसऱ्यांदा सापडलं तर दहा वर्षं. या गृहात काम करणाऱ्याला १९६४ पासून मेहनताना मिळायचा पाच रुपये. दिवसाला नव्हे, महिन्याला. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं तो दिवसाला चाळीस रुपये करायचं ठरवलं.

हाच कायदा १९६० साली दिल्लीला लागू केला गेला. त्याला सामाजिक कार्यकर्ते हर्ष मंदर यांनी २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं, पुढे कर्णिका साहनी यांचीही याचिका आली. निकाल लागला ८ ऑगस्ट २०१८ रोजी. न्यायमूर्ती गीता मित्तल आणि सी. हरी शंकर यांच्या पीठानं भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं घटनाबाह्य ठरवली. लोक हौसेनं नाही, दुसरा उपाय उरला नाही म्हणून हात पसरतात, हा त्यांचा मुद्दा. दुसऱ्याला भीक मागायला लावणाऱ्यावरचं कलम मात्र त्यांनी शाबूत ठेवलं, आणि ते बरंच केलं. २०१९ मध्ये जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयानं तिथला असाच कायदा रद्द केला.

महाराष्ट्रात तो टिकून आहे. मुंबईत जन्मला, दिल्लीत मेला, पुण्यात अजून जिवंत.

(दृश्य : लॉ कॉलेज रस्ता. कॉलेजचं फाटक.)

या वादाचा एक जुना धागा याच फाटकातून जातो. यशवंत विष्णू चंद्रचूड जन्मानं पुण्याचे, कायदा शिकले ते इथल्या आयएलएस कॉलेजात. १९८१ मध्ये मुंबईच्या फुटपाथवरची बिऱ्हाडं हलवायचा निर्णय अंतुले सरकारनं घेतला, तेव्हा पत्रकार ओल्गा टेलिस सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश चंद्रचूडांच्या पाच जणांच्या घटनापीठानं निकाल दिला : जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. ही माणसं गुन्हा करायच्या इराद्यानं नव्हे, निव्वळ नाइलाजानं फुटपाथवर राहतात, असंही म्हटलं. आणि तरीही, रीतसर नोटीस देऊन त्यांना हटवता येईल, असं ठरवलं. तत्त्व जिंकलं, बिऱ्हाड हरलं.

छत्तीस वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, कोविडच्या भीतीनं रस्त्यावरच्या भिकाऱ्यांना हटवा अशी मागणी सर्वोच्च न्यायालयापुढे आली. पीठावर होते त्यांचेच चिरंजीव, धनंजय चंद्रचूड. अभिजनांच्या नजरेतून आम्ही याकडे बघणार नाही, असं न्यायालयानं सुनावलं.

अमेरिकेत उलट झालं. जून २०२४ मध्ये ग्रँट्स पास शहराच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं, सहा विरुद्ध तीन मतांनी, उघड्यावर झोपणाऱ्याला दंड करायची मुभा शहरांना दिली. झोप ही शरीराची गरज आहे, गुन्हा नव्हे, असं न्यायमूर्ती सोतोमायोर यांनी विरोधी निकालपत्रात लिहिलं.

आपल्याकडचा नियम सांगतो, शहरात दर लाख लोकसंख्येमागे एक कायमचा रात्रनिवारा हवा. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१ लाखांच्या वर होती. हिशेब सोपा आहे.

(दृश्य : वाघोली. केसनंद फाटा. रिकामा फुटपाथ, मागे वाहतूक.)

२२ डिसेंबर २०२४ ची मध्यरात्र उलटली होती. इथं फुटपाथवर अमरावतीहून आलेली मजूर कुटुंबं झोपली होती. दारू प्यायलेल्या चालकानं डंपर त्यांच्या अंगावर घातला. तिघं गेली. त्यात एक बाळ वर्षाचं, एक दोन वर्षांचं.

माणसं बांधकामावर कामाला आली होती. म्हणजे पोट भरण्याचं साधन होतं. डोक्यावरून पांघरूण ओढून झोपलेल्या माणसाचं ते रात्री दिसत नाही, एवढंच.