आज झाकण फुटेल का?

(दृश्य: पश्चिमेकडची खिडकी. काचेवर निळ्या मार्करच्या आडव्या रेघा, प्रत्येकीशेजारी वेळ लिहिलेली.)

काचेवरच्या या रेघा ढगांच्या माथ्यांच्या आहेत. उष्णतेची लाट सुरू होऊन आज सहावा दिवस. रोज दुपारी एखादा ढग डोकं वर काढायला लागला की खुर्ची हलवायची नाही, हनुवटी चौकटीवर त्याच जागी टेकवायची, एक डोळा मिटायचा आणि ढगाचा माथा काचेत जिथे दिसतो तिथे रेघ ओढायची. पाच मिनिटांनी पुन्हा एक. रेघ वर सरकली तर ढग वाढतोय. अर्थात ढग आपल्याकडे सरकत असला तरीही रेघ वर जाते, म्हणून शेजारी रडारचं चित्र उघडं ठेवावं लागतं.

पहिल्या दिवशीची शेवटची रेघ २ वाजून ५० मिनिटांची आहे. दुसऱ्या दिवशीची ३ वाजून २० मिनिटांची. तिसऱ्या दिवशी एकही नाही. त्या दिवशी आकाशात कापसाचा पुंजकासुद्धा दिसला नाही.

अशा दिवसांत बहुतेक लोक पडदे ओढून घेतात, आणि तेच शहाणपणाचं आहे. काही जण मात्र पडदा सारून बाहेर बघत बसतात. हवामान हा त्यांचा पेशा नाही. कुणी दिवसभर हिशेब लिहितं, कुणी मुलांना शिकवतं, कुणी रात्रपाळी करून आलेलं असतं. लाट चालू असताना यांचा एकमेकांना सकाळचा पहिला प्रश्न ठरलेला: आज झाकण फुटेल का?

(दृश्य: भर दुपार. तापून थरथरणारी हवा, वर पांढुरकं आकाश.)

खूप उकडतंय, आता पाऊस येणार, असं आपण सगळेच बोलून जातो. उकाड्याचं आणि विजांच्या पावसाचं नातं खरंच आहे, पण ते इतकं सरळ नाही. उष्णतेची लाट बहुतेक वेळा जास्त दाबाच्या मोठ्या क्षेत्राखाली तयार होते. तिथे वरची हवा सावकाश खाली बसत असते. खाली येताना ती दाबली जाते आणि दाबली गेली की तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो, तसंच. त्यामुळे जमिनीपासून दीड-दोन किलोमीटरवर गरम, कोरड्या हवेचा थर पसरतो. खालून उठलेली हवा दर किलोमीटरला जवळपास १० अंशांनी थंड होत वर जाते आणि या थराशी पोचते, तेव्हा तिच्यापेक्षा थरच जास्त गरम असतो. तिची उभारी तिथेच संपते. हवामानाच्या छंदातले लोक या थराला झाकण म्हणतात.

पण हे झाकण नसतं, तर सकाळी दहालाच बारके ढग उठले असते, चार थेंब टाकून मोकळे झाले असते आणि दुपारपर्यंत सगळा साठा संपला असता. झाकणामुळे खालची उष्णता आणि बाष्प दिवसेंदिवस कोंडून राहतं. म्हणून आम्हाला झाकण हवंच असतं. फक्त ते सकाळभर टिकेल आणि दुपारी चारच्या सुमाराला फुटेल, एवढंच जाड हवं. असा दिवस लाटेत क्वचित येतो. कधी ते इतकं घट्ट बसतं की आठवडा निघून जातो.

झाकण डोळ्यांना दिसत नाही. ते दाखवतो हवामानाचा फुगा. जगभरातली शेकडो केंद्रं दिवसातून दोनदा, एकाच ठरलेल्या वेळी फुगे सोडतात. फुग्याखाली दोरीला एक छोटं यंत्र लोंबकळत असतं, रेडिओसाँड. मिनिटाला साधारण ३०० मीटर चढत ते तापमान, आर्द्रता आणि दाब कळवत राहतं. ३० किलोमीटरच्या आसपास फुगा फुगून फुगून फुटतो. त्याआधी त्याने सांगितलेलं सगळं एका आलेखावर येतं. उजवीकडची रेघ तापमानाची, डावीकडची दवबिंदूची, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी व्हायला लागतं त्याची. उंचीबरोबर तापमान घटत जातं तशी उजवी रेघ डावीकडे कलत जाते, आणि मध्येच एका जागी उजवीकडे नाक काढते. ते नाक म्हणजे झाकण. नाक जितकं लांब, तितकी दुपार रिकामी जाण्याची शक्यता जास्त.

नाकाच्या वर, ढग बनून चढणारी हवा आणि भोवतालची हवा यांच्या रेघांमध्ये जी जागा उरते, तिच्यावरून वादळाच्या इंधनाचा हिशेब होतो. त्याला 'केप' म्हणतात आणि तो ज्यूल प्रति किलोग्रॅममध्ये मोजतात. हजाराच्या आसपास आकडा आला की आम्ही ताठ होऊन बसतो. २५०० आला तर कागदावर त्याचा अर्थ सेकंदाला ७० मीटर वेगाने वर धावणारी हवा. भोवतालची कोरडी हवा मिसळते, पाण्याचं वजन पडतं, म्हणून प्रत्यक्षात वेग निम्म्याच्या आसपास येतो. तरी तो ताशी सव्वाशे किलोमीटर होतो, तोही सरळ वर.

मला विचाराल, तर लाटेतला सगळ्यात बोलका आकडा तापमानाचा नाही, दवबिंदूचा. तापमानातून दवबिंदू वजा करायचा आणि १२५ने गुणायचं, की ढगाचा तळ किती मीटरवर असेल याचा चांगला अंदाज मिळतो. ३८ अंश तापमान आणि २२ दवबिंदू: फरक १६, तळ २,००० मीटरवर. आता तिसरा दिवस घ्या. पारा ४१, दवबिंदू ८. फरक ३३, तळ चार किलोमीटरच्याही वर. एवढ्या उंचीवर ढग झालाच, तरी त्याचा पाऊस वाटेतच वाळतो. ढगाखाली राखाडी झालरी लोंबतात आणि जमिनीवर थेंब पोचत नाही. पोचतो तो थंड वाऱ्याचा धक्का, आणि कधी वीज. पावसाविना पडलेली वीज वाळलेल्या रानात वणवा लावते. त्या दिवशी आकाश रिकामं राहिलं याचं मला बरंच वाटलं.

(दृश्य: चौथ्या दिवशीचा ढग. मंद गतीने.)

हा चौथ्या दिवशीचा बुरूज. नीट बघा, कारण असे ढगच जास्त वेळा वाट्याला येतात. तळ सपाट, सुरीने कापल्यासारखा. माथा फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा, कडा इतक्या रेखीव की मोजून घ्याव्यात. काचेवर चार रेघा झाल्या, प्रत्येक आधीच्या रेघेपेक्षा वर. मग कंबर बारीक व्हायला लागली. झाकणाला पडलेली फट लहान होती आणि वरची कोरडी हवा ढग कडेने कुरतडत होती. आधी तळ विरला. खालून तुटलेला माथा काही मिनिटं निळ्या आकाशात एकटा तरंगला, मऊ झाला, आणि नाहीसा झाला. पाचवी रेघ ओढायला मार्कर हातात तसाच राहिला.

१८०२च्या डिसेंबरमध्ये लंडनमधल्या एका लहानशा मंडळासमोर ल्यूक हॉवर्ड यांनी ढगांवर निबंध वाचला. औषधनिर्मिती हा त्यांचा व्यवसाय, ढग हा छंद. रेखीव, रचल्यासारख्या ढगांना त्यांनी क्युम्युलस हे नाव दिलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ढीग, रास. सिरस आणि स्ट्रेटस ही नावंही त्याच संध्याकाळची. अजून जगभर तीच चालतात. त्यानंतर दोनशेहून जास्त वर्षांनी, २०१७ साली, आंतरराष्ट्रीय मेघसंग्रहात खवळलेल्या समुद्रासारख्या दिसणाऱ्या 'अ‍ॅस्पेरिटास'ची भर पडली. तीही हौशी लोकांनी वर्षानुवर्षं फोटो काढून पाठपुरावा केला म्हणून.

ढगाच्या पोटात काय चालतं, हे मात्र बरंच उशिरा कळलं. १९४६ आणि १९४७ साली अमेरिकेत, आधी फ्लोरिडात आणि मग ओहायोत, पी-६१ लढाऊ विमानं वेगवेगळ्या उंचीवरून गडगडाटी ढगांमधून मुद्दाम नेली गेली. होरेस बायर्स आणि रॉस्को ब्रॅहम यांनी त्या नोंदींवरून दाखवलं की वादळाच्या प्रत्येक पेशीला, म्हणजे त्यातल्या एकेका ढगाला, वय असतं. आधी नुसती वर जाणारी हवा, मग पावसाबरोबर खाली येणारी थंड हवा शेजारीशेजारी, आणि शेवटी खाली येणारी हवा सगळं व्यापते व ढग आपल्याच पावसाने विझतो. अर्धा तास, फार तर तासभर.

एक माणूस मात्र या पोटातून विमानाशिवाय खाली आला. २६ जुलै १९५९. अमेरिकेच्या मरीन दलाचे विल्यम रँकिन यांच्या विमानाचं इंजिन गडगडाटी ढगाच्या वर, सुमारे १४ किलोमीटरवर बंद पडलं. त्यांनी उडी मारली. एरवी दहा मिनिटांत खाली येणारं पॅराशूट त्या दिवशी जमिनीवर पोचायला जवळपास चाळीस मिनिटं लागली, कारण वर धावणारी हवा त्यांना पुन्हा पुन्हा उचलत होती. गारा, अंधार आणि अंगातून जाणारा गडगडाट. ते जगले. वाढत्या ढगाची रेघ ओढताना मला त्यांची आठवण होते.

(दृश्य: सहावा दिवस, सकाळ.)

आज पहाटेच आकाशात मध्यम उंचीवर बारीक ढगांची एक ओळ दिसली, वर छोटे छोटे दात असलेली, किल्ल्याच्या तटासारखी. म्हणजे वरची हवा डळमळीत झाली आहे. सकाळच्या फुग्याच्या आलेखात नाक कालच्या निम्म्याने आखूड. अकरा वाजता दवबिंदू २१.

पहिली रेघ ३ वाजून ४० मिनिटांची. ४५ची तिच्या बोटभर वर. ५०ची चार बोटं वर. पंचावन्नला माथा चौकटीबाहेर गेला, आणि सहा दिवस न हललेली खुर्ची मागे सरली. सगळे गच्चीवर.

आता माथ्याकडे बघा. आतापर्यंत रेखीव असलेली कड एका बाजूने धूसर व्हायला लागली आहे, जणू कुणी ओल्या रंगावरून बोट फिरवलं. तिथे पाण्याचे थेंब गोठून बर्फाचे कण होत आहेत. बर्फाचे स्फटिक आणि मऊ गारा एकमेकांवर आपटतात, विद्युतभार वेगळे होतात, आणि वीज तयार व्हायला सुरुवात होते. थोड्या वेळाने माथा आडवा पसरला, लोहाराच्या ऐरणीसारखा. वर स्थितांबर हा वातावरणाचा पुढचा थर सुरू होतो, तिथली हवा पुन्हा गरम. म्हणजे हे दुसरं झाकण, आणि हे कुठलाच ढग फोडू शकत नाही. जोरकस बुरूज फार तर त्यात घुमटासारखं डोकं खुपसतो आणि परत खाली येतो.

वादळ आमच्यापासून ५५ किलोमीटरवर होतं. एवढ्या लांबून गडगडाट ऐकू येत नाही. ऐरण आतून उजळत होती, विझत होती, आणि गच्चीवर पूर्ण शांतता. ज्यांच्या डोक्यावर ते होतं त्यांच्याकडून निरोप येत गेले: वाटाण्याएवढ्या गारा, एक झाड आडवं. ही माहिती लगेच हवामान खात्याला कळवली जाते. रडारचा सगळ्यात खालचा किरणसुद्धा १०० किलोमीटरवर जमिनीपासून दीडएक किलोमीटर उंचावरून जातो. त्याच्या खाली काय घडतंय ते तिथे उभा असलेला माणूसच सांगू शकतो. पाच रात्री घर न निवलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी हा पाऊस हवा असतो, आणि त्याच पावसात कुणाचं छप्पर उडू नये असंही वाटत असतं. दोन्ही तितक्याच कळकळीने वाटतं.

साडेसहाला ढग विझायला लागला. पण रडारवर त्याच्यातून एक बारीक, वळणदार रेघ निघाली आणि आमच्या दिशेने सरकू लागली. त्या रेघेत पाऊस नव्हता. थंड हवा जमिनीलगत पसरत पुढे येत होती आणि तिच्या तोंडाशी गोळा झालेले किडे आणि धूळ रडारला दिसत होते.

पावणेआठला पानं उलटी झाली. पारा ३५ वरून काही मिनिटांत २७ वर. आणि वाऱ्याबरोबर दुसरीकडे पडलेल्या पावसाचा मृद्गंध आला. कुणीच काही बोललं नाही. त्या थंड हवेने पाचरीसारखं खाली शिरून आमच्यावरची कोंडलेली हवा उचलली. झाकणाला जे दिवसभराचं ऊन करू शकलं नव्हतं ते तिने केलं. डोक्यावर तारे होते तिथे काळं काहीतरी वाढू लागलं.

मग पहिली वीज. मोजा. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. चौतीस. पुढची, एकतीस. तिसरी, सत्तावीस. तीसच्या आत आलं की गच्ची सोडायची. हा नियम ठरलेला आहे आणि तो मोडत नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही, हाही.

सगळे खाली आले. खिडकी बंद केली आणि काचेपासून लांब, मागच्या भिंतीला टेकून बसलो. पुढच्या विजेला काचेवरच्या सगळ्या रेघांच्या सावल्या आमच्या अंगावर पडल्या.

एकोणीस.