मोटर तीच, काटा वर

(पहाट. रामकुंड. पाण्यावर धुकं.)

डिसेंबर. गोदाघाटावर हुडहुडी भरलीय. पायरीवर आजोबा पंचा आवळून उभे. पहिली बुडी.

(निवेदन थांबवा. नुसता पाण्याचा आवाज.)

त्या क्षणी त्यांच्या कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या आवळल्या गेल्या. रक्त तेवढंच, वाट अरुंद. आत्ता बीपी मोजलं, तर वाढलेलं सापडेल.

का, ते दवाखान्यापेक्षा द्राक्षबागेत सोपं कळतं.

(पिंपळगाव बसवंतचं शिवार. मोटर, फिल्टर, गेज.)

ठिबक चालू आहे. चारही प्लॉटचे कॉक उघडे. दाब दाखवणाऱ्या गेजवर लक्ष ठेवा. दादांनी दोन कॉक बंद केले, काटा चढला. तिसरा केला, आणखी चढला. मोटरला कुणी हातही लावलेला नाही.

शरीरातले हे कॉक म्हणजे रोहिणिका. हृदयाकडून रक्त नेणाऱ्या मोठ्या रोहिण्या फुटत फुटत केसाएवढ्या बारीक होतात, तो भाग. भिंतीत स्नायूंचं कडं असतं, ते आवळतं आणि सैलावतं. हृदय बसल्या जागी मिनिटाला साधारण 5 लिटर रक्त ढकलतं. महारोहिणीत, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सर्वात मोठ्या रोहिणीत, सरासरी दाब 95 मिमी पाऱ्याच्या आसपास. रोहिणिका ओलांडेपर्यंत तो 35वर येतो. दाब सर्वात जास्त उतरतो तो इथेच.

प्वाझय या फ्रेंच डॉक्टरांनी 1840च्या सुमारास काचेच्या केसासारख्या बारीक नळ्यांतून पाणी सोडून हिशोब मांडला. नळीची त्रिज्या निम्मी झाली की अडथळा दुप्पट नाही, 16 पट. दहा टक्के घटली तरी दीडपट! दहा टक्के म्हणजे डोळ्याला जाणवणारही नाही.

थंडीनं आवळलेलं अंग ऊब मिळताच सुटतं. जुन्या बीपीत मात्र कडं आवळलेलंच राहतं, भिंत जाड होत जाते. त्याचा भार हृदय, मेंदू आणि मूत्रपिंडावर.

(उपकेंद्र. काकूंच्या दंडाला पट्टा.)

सिस्टरांनी काकूंना आधी पाच मिनिटं गप्प बसवलंय. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला. हा शॉट आम्ही मुद्दाम कापलेला नाही. जिना चढून आल्या आल्या घेतलेल्या आकड्यावर गोळ्या ठरू नयेत.

काकूंची गोळी अ‍ॅम्लोडिपिन. ती रक्तवाहिन्यांचं कडं सैल करते, बस्स. बीपी नॉर्मल आलं म्हणून काकूंनी मध्ये ती सोडली होती. नॉर्मल आलं होतं ते गोळीमुळेच.

(पुन्हा बाग. दादा एकेक कॉक उघडतात. गेजचा क्लोजअप. निवेदन नाही.)