चुलीवरची वही

(पाऊस. कौलांवरून पागोळ्या गळतायत. आत, चुलीच्या उजेडात, एक हात पत्र्याचा डबा उघडतो.)

ही वही. शंभर पानी, साधी, रेघांची. ती प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी बिस्किटांच्या जुन्या डब्यात, आणि डबा चुलीच्या वरच्या माळ्यावर. घरातले दागिने कुठे ठेवलेत ते आम्ही विचारलं नाही, पण त्यांचा एवढा बंदोबस्त नसणार.

कोकणात कागद टिकत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जून लागला की पानं एकमेकांना चिकटतात, शाई फुटते, आणि उरलंसुरलं वाळवी आणि कसर बघून घेते. घरात कोरडी जागा एकच, जिथे चुलीचा धूर पोचतो. धुराने वही पिवळी पडलीय. पण आहे.

वही एका शाहिरांची आहे. संगमेश्वर तालुक्यातलं गाव. दिवसा ते वडाप चालवतात, म्हणजे सीटा भरल्या की सुटणारी गाडी. गणपती आले की रात्री जाखडी.

(अंगणात फेर धरलेला. पायांतले घुंगरू.)

मधोमध ढोलकी, झांज आणि गाणारे. भोवती नाचणाऱ्यांचा फेर. यालाच बाल्या नाच म्हणतात. मुंबईत घरगडी म्हणून राबणाऱ्या कोकण्यांच्या कानांत बाळ्या असायच्या, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. हिणवण्यासाठी दिलेलं नाव नाचाने आपलं करून टाकलं.

खरी गंमत सामन्यात. एक बाजू शक्तीवाल्यांची, एक तुरेवाल्यांची. हे पार्वतीच्या बाजूने भांडणार, ते शंकराच्या. आधी गण, मग गवळण, आणि मग सवाल. पुराणातलं एखादं कोडं गाण्यात बांधून समोर टाकायचं, समोरच्याने गाण्यातच ते सोडवायचं. लोक झोपत नाहीत. कोण अडतो, ते बघायला तर आलेले असतात.

मग वही बघून म्हटलं तर चालत नाही का? शाहीर हसले. म्हणाले, "वही उघडली की समोरचा म्हणतो, याला येत नाय."

म्हणजे वही लिहायची ती न उघडण्यासाठी.

लिहिणं कधी होतं? स्टँडवर. गाडी भरेपर्यंत थांबावंच लागतं, त्या अर्ध्या तासात एखादं कडवं होतं. आता ते आधी मोबाइलवर गुणगुणून ठेवतात, वहीत नंतर जातं. सीटा भरल्या आणि यमक जुळलं नसलं तर गाडी सुटते, यमक मागे राहतं. कधी उतारावर सापडतं, कधी सापडतच नाही.

(सिंधुदुर्ग. देवळाचा मंडप. दोन बुवा समोरासमोर, दोन पेट्या, दोन पखवाज.)

दक्षिणेकडे हीच खुमखुमी भजनात उतरते. डबलबारी. रूपाचा अभंग, गजर, गौळण, आणि मधे मधे एकमेकांना काढलेले चिमटे. बुवांच्या डोक्यात किती अभंग असतील, हे त्यांनाही सांगता येत नाही. विचारलं तर म्हणतात, सुरू करा, मग कळेल.

हे एवढं डोक्यात राहतं कसं? थोडं श्रेय रियाजाला, आणि बरंचसं रचनेला. तुकोबांचा अभंग घ्या आणि बोटांवर अक्षरं मोजा. 'सुंदर ते ध्यान', सहा. 'उभे विटेवरी', सहा. 'कर कटावरी', सहा. 'ठेवोनिया', चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात यमक. सहा-सहा-सहा-चार, हा मोठ्या अभंगाचा साचा. एखादा शब्द निसटला, तर किती अक्षरांची जागा रिकामी आहे ते कानाला कळतं, आणि तो शब्द कसा संपायला हवा ते यमक सांगतं. शाळेत छंद शिकवताना कुणी हे सांगितलं असतं, तर आम्ही वर्गात झोपलो नसतो.

पण हा पहारेकरी फक्त अक्षरं मोजतो. अर्थ त्याच्या डोळ्यांदेखत पळून जातो.

(गणपतीची आरती. माटवीखाली मूर्ती. पोरं झांजा बडवतायत.)

नीट ऐका. 'लंबोदर पीतांबर...' आणि पुढे? निम्मी पोरं म्हणतायत 'फळीवर वंदना'. मूळ शब्द 'फणिवरबंधना'. फणिवर म्हणजे नाग, आणि तो गणपतीच्या पोटाला करकचून बांधलेला. दोन्हीकडे अक्षरं सातच, म्हणून चूक धरली जात नाही. शिवाय गणपती समोर पाटावर बसलेला दिसतोच, मग शंका कुणाला येणार? मी स्वतः दहावीपर्यंत फळीलाच वंदन करत होतो. आरत्या आम्ही वाचून शिकलोच नाही. वाडीतल्या वीस घरांत रोज वीसदा ऐकल्या, आणि त्या अंगाला चिकटल्या, चुकांसकट.

(समुद्र. मालगुंड.)

गणपतीपुळ्याला आलेली मंडळी दर्शन घेतात, उंटावर बसतात आणि परततात. जवळच मालगुंड आहे. इथे १८६६ साली कृष्णाजी केशव दामले जन्मले. केशवसुत. हयातीत त्यांचा एकही संग्रह निघाला नाही. १९०५ मध्ये हुबळीला प्लेगने गेले, तेव्हा वय चाळिशीच्या आत. कविता मासिकांतून विखुरलेल्या. त्या गोळा करून पुस्तक व्हायला १९१७ उजाडलं. मधली बारा वर्षं त्या कविता जुन्या अंकांत होत्या आणि ज्यांना पाठ होत्या त्यांच्याकडे. आज त्यांच्या घरी स्मारक आहे, आणि आवारात कविता दगडात कोरल्यात. या हवेचा अनुभव असलेल्या माणसाला दगडच सुचणार.

कागदाची बाजूही घ्यायला हवी, नाहीतर अन्याय होईल. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं. चिपळूणच्या वाचन मंदिरात २००५ साली पुराचं पाणी शिरलं, २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा शिरलं. दोन्ही वेळा ते पुन्हा उभं राहिलं.

आणि कुडाळची ती खानावळ. चिं. त्र्यं. खानोलकर ती चालवायचे. कवितेखाली नाव घालायचे आरती प्रभू. १९५९ मध्ये ते मुंबईला गेले, त्याच वर्षी 'जोगवा' हा कवितासंग्रह आला. त्याआधी ताटं मोजायची, उधारी लिहायची, आणि त्याच हाताने कविता. त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो मरणानंतर. खानावळ बरी चालली नाही एवढंच गावात ऐकायला मिळतं.

(मागचं परस. शेवग्याचं झाड. दगडी जातं, त्यावर कुंडी.)

दापोलीजवळच्या पालगडचे साने गुरुजी. त्यांनी बायकांच्या ओव्या गोळा केल्या आणि 'स्त्री जीवन' नावाने छापल्या. गाणाऱ्या बायकांना बहुतेक ते वाचता आलं नसतं.

या आजींनाही येत नाही. वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी आधीच सांगून टाकलं, "माका लिवक-वाचूक येना नाय. गाणी पोटात आसत."

खुर्चीवर बसवलं, पदराला माइक लावला. म्हटलं, आजी, ओवी म्हणा. त्यांनी डोळे मिटले. तोंड उघडलं. बंद केलं. दोनदा, तीनदा. मग जरा चिडूनच म्हणाल्या, "अशी बसान खंय येतत?"

चूक आमची होती. आम्ही गाणं मागत होतो आणि काम काढून घेत होतो. गावात पिठाची चक्की आल्यापासून ते जातं परसात पडून होतं. कुंडी उचलली. दगड धुतले. खुंटा कुजला होता, शेजारच्यांनी नवा ठोकून दिला. आजी खाली बसल्या, एक पाय लांब केला, मूठभर नाचणी जात्याच्या तोंडात सोडली आणि ते फिरवलं. पहिला फेर नुसताच. दुसऱ्या फेऱ्याला आवाज आला.

"पहिली माझी ओवी गं, दारीच्या तुळशीला,
बंधू गेला ममईला, डोळे लागले बोटीला."

बोट बंद होऊन किती वर्षं झाली. भाऊही नाही. ओवीत दोघंही अजून वाटेवर आहेत.

एकामागून एक सात आल्या. सून दारात येऊन उभी राहिली. लग्न होऊन तीस वर्षं झाली, तिने यातली एकही ऐकली नव्हती. मग दगडावर दगड घासल्याचा कोरडा आवाज यायला लागला, आणि आजी थांबल्या.

आमच्या कॅमेऱ्यावरच्या मुलाने हळूच म्हटलं, "आजी, अजून एक?"

आजींनी जात्याभोवतीचं पीठ बोटांनी एकत्र केलं.

"दाणे खंय आसत?"