मीटर गप्प होता तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

अग्निशमन दलात माझी 28 वर्षं गेली. या नोकरीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली. ज्वाळा दिसत असेपर्यंत लोक लांब उभे राहतात. ज्वाळा बसल्या, नुसता धूर उरला, की एकेक जण पुढं सरकायला लागतो. मालकाला गल्ला काढायचा असतो, मुनिमाला वह्या, शेजाऱ्याला आपली भिंत तडकली का ते बघायचं असतं. आणि खोटं कशाला बोलू, आमचे जवानही नेमका त्याच वेळी तोंडावरचा मास्क काढतात. मे महिना, पाठीवर हवेचा सिलिंडर, आत घामाची आंघोळ. मीही काढलेला आहे. आज बोलायचं आहे ते या वेळेबद्दल, आणि त्या वेळी आमच्या हातात असलेल्या मीटरबद्दल.

लातूर भागातल्या एका मोंढ्यातली गोष्ट. पहाटे तीनला वर्दी आली, हरभऱ्याच्या गोदामाला आग. बारदाना पेटला होता, तो धडाधड जळून गेला. दीड तासात आग आटोक्यात आली आणि आम्ही कूलिंगला लागलो, म्हणजे पाणी मारून थप्प्या थंड करायला. माझ्या हातात चार वायूंचा मीटर होता, साधारण मोबाइलएवढा, पण जाड. तो प्राणवायू दाखवतो, पेट घेणारा वायू दाखवतो, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड दाखवतो. आकडे असे होते: प्राणवायू 20.9 टक्के, पेट घेणारा वायू शून्य, मोनॉक्साइड 28, सल्फाइड 3. मोनॉक्साइडची घंटा आम्ही 35 ला लावलेली असते, सल्फाइडची 10 ला. मीटर गप्प.

तो 3 मात्र मला खटकला. हायड्रोजन सल्फाइड म्हणजे गटाराचा, मैल्याच्या टाकीचा वायू. हरभऱ्याच्या गोदामात तो कुठून येणार? मी मीटर हातावर आपटला (असं करू नये, पण आपण सगळे करतो). आकडा 3 चा 4 झाला.

तेवढ्यात गर्दीतून एक वयस्क हमाल पुढं आले. म्हणाले, "साहेब, त्या मागच्या थप्पीला परवा गोळ्या लावल्यात बघा."

"कशाच्या गोळ्या, मामा?"

"किड्याच्या. ताडपत्री टाकून."

माझ्या पोटात गोळा आला. धान्याला कीड लागू नये म्हणून धुरी देतात त्या गोळ्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. हवेतल्या ओलाव्यानं त्यातून हळूहळू फॉस्फीन नावाचा विषारी वायू सुटतो, किडे मरतात, ताडपत्री काढून हवा खेळवली की काम झालं. पण हे सगळं सावकाश व्हायचं असतं. आम्ही त्याच थप्पीवर होज धरून उभे होतो! पाणी थेट पडलं की हा वायू भसाभस सुटतो, आणि एका जागी दाट साचला तर आपोआप पेटतोही. लसणासारखा किंवा सडलेल्या मासळीसारखा वास येतो म्हणतात, पण जळक्या बारदानाच्या धुरात कसला लसूण आणि कसली मासळी.

पाणी थांबवलं. सगळ्यांना वाऱ्याच्या पाठीशी मागं घेतलं. आत जाणारे दोघं, तेही मास्क लावून.

आता मीटर गप्प का होता, ते सांगतो. त्यात फॉस्फीनचा सेन्सर नव्हताच. या सेन्सरमध्ये एक छोटी रासायनिक बॅटरीच असते म्हणा ना. वायू आत शिरला की बारीकसा करंट वाहतो, जितका वायू तितका करंट, आणि पडद्यावर आकडा येतो. पण सेन्सर काही वायूचं आधार कार्ड तपासत नाही. सल्फाइडच्या सेन्सरवर फॉस्फीननंही करंट वाहतो. तो 3 चा आकडा बहुधा फॉस्फीनचाच होता, दुसऱ्याच्या नावावर आलेला.

आणि प्राणवायूचा आकडा जागचा हलला नाही, त्याचं काय? इथं पीपीएम समजून घ्यायला हवं, मोनॉक्साइडचे 28 आणि सल्फाइडचे 3 याच मापातले. पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक. तीस-पस्तीस किलो ज्वारीत साधारण दहा लाख दाणे भरतात. त्यात एक दाणा लाल रंगवून टाकला, की झाला एक पीपीएम. फॉस्फीनमध्ये दिवसभर काम करायचं तर 0.3 पीपीएमची मर्यादा धरतात, म्हणजे शंभर किलो ज्वारीत एक लाल दाणा. उलट प्राणवायूचा आकडा 20.9 वरून 20.8 वर यायला हवेत दुसरा काहीतरी वायू जवळपास 5000 पीपीएम घुसावा लागतो. पेट घेणाऱ्या वायूची घंटा, तो वायू पेटायला हवेत किमान जेवढा लागतो त्याच्या दहा टक्क्यांवर लावलेली असते, तीही मिथेनच्या हिशेबानं 5000 पीपीएमच. माणूस त्याच्या किती तरी आधी आडवा होतो. प्राणवायू भरपूर आहे, स्फोटाचा धोका नाही, एवढंच ते दोन आकडे सांगत होते. विषाबद्दल त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

मग दुसरं यंत्र मागवलं, पीआयडी. त्यात अतिनील किरणांचा छोटा दिवा असतो. त्या उजेडात काही वायूंच्या रेणूंमधून इलेक्ट्रॉन सुटतो आणि तो मोजला जातो. बेन्झीन, टोल्युइन, पेट्रोलची वाफ याला झकास कळते, फॉस्फीनही कळतं. पण कुठला वायू ते हे यंत्र सांगत नाही, आणि त्याचा आकडा आयसोब्युटिलीन नावाच्या वायूच्या मापात असतो. फॉस्फीन असेल तर आकड्याला जवळपास चारनं गुणायचं. पडद्यावर 2 दिसत होते. म्हणजे आठच्या घरात. हे गुणायचं राहिलं असतं तर? आणि हमालमामा बोलले नसते, तर कशानं गुणायचं हे तरी कुठून कळलं असतं?

याच पीआयडीला मोनॉक्साइड मात्र अजिबात दिसत नाही, हायड्रोजन सायनाइडही नाही. सायनाइडचं नाव ऐकून दचकू नका, ते आपल्या घरातच आहे. सोफ्याचा फोम, नायलॉन, लोकर जळली की ते तयार होतं. 50 पीपीएमला जिवावर बेततं. त्याचा सेन्सर वेगळा घ्यावा लागतो, आणि आकडा पूर्ण चढायला त्याला मिनिटभर किंवा जास्तच लागतं. म्हणून मीटर हातात घेऊन तरातरा चालायचं नसतं. दोन पावलं टाकायची, थांबायचं, डोक्याजवळ, कमरेजवळ, पायाजवळ धरायचं. क्लोरीन जड, खाली बसतं. अमोनिया हलका, वर जातो.

जिनिंगच्या आगी आमच्याकडे नेहमीच्या. कापसाची गाठ 170 किलोची, इतकी दाबलेली की पाणी आत शिरत नाही. वरून विझलेली गाठ आतून दोन-दोन दिवस धुमसते. अशाच एका कूलिंगच्या दुसऱ्या दिवशी एक तरुण जवान गाठींच्या आडोशाला बसून चहा पीत होता. म्हणाला, "साहेब, डोकं जड झालंय, पित्त झालं वाटतं." कुणीतरी हौसेनं त्याच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. कोविडपासून तो सगळीकडे असतो. 98! सगळे निर्धास्त. मी मीटर त्याच्या शेजारी ठेवला तर मोनॉक्साइड 180. रक्तातल्या हिमोग्लोबिनला मोनॉक्साइड प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतं, आणि साध्या ऑक्सिमीटरला या दोन्हींतला फरक कळत नाही. विषारी रक्तही त्याला लालच दिसतं. पोराला उचलून मोकळ्या हवेत आणलं, प्राणवायू लावला, दवाखान्यात नेलं. संध्याकाळी हसत होता.

माझी स्वतःचीही एक चूक सांगतो. मीटर सुरू करताना त्याला स्वच्छ हवेत शून्य करून घ्यावं लागतं. एकदा घाईत मी ते बंबाच्या सायलेन्सरशेजारी उभं राहून केलं. मीटरनं तो बंबाचा धूरच शून्य समजला. आत गेल्यावर विषारी वायूचा प्रत्येक आकडा कमी येत होता आणि मी खुशीत. बाहेर मोकळ्यावर आलो तर पडद्यावर उणे आकडा. हवेत उणे वायू कसा असेल? तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

देखभालीचं थोडक्यात. सेन्सर दोन-तीन वर्षांत मरतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, गाडीच्या काचेखाली ठेवला तर आतलं द्रावण आटून आधीच मरतो. मेलेला सेन्सरही शून्यच दाखवतो. म्हणून कामाला निघण्याआधी माहितीतला वायू फुंकून तो शुद्धीवर आहे का बघायचं. कपाटात कुलूपबंद ठेवलेली, एकदाही न फुंकलेली यंत्रं मी पाहिली आहेत. कुठं, ते नको.

तुमचं गोदाम असेल, कृषी सेवा केंद्र असेल, साखर कारखान्यात गंधकाची पोती असतील, बर्फाच्या कारखान्यात अमोनिया असेल, तर 101 ला फोन करताना पत्त्याबरोबर तेही सांगा. परवाना असो नसो, तेव्हा आम्ही ते विचारत नाही.

त्या मोंढ्यात आम्ही दारं सताड उघडी टाकून साडेनऊपर्यंत थांबलो. मुनीम दर दहा मिनिटांनी येऊन विचारायचे, "साहेब, आता जाऊ का? वही तेवढी आणतो." एका कारखान्यातून फॉस्फीनच्या काचेच्या नळ्या आणवल्या होत्या. नळीची टोकं मोडायची, हातपंपाला लावायची, हवा ओढायची, आतली पूड कुठपर्यंत रंग बदलते ते बघायचं. पहिल्या नळीत रंग चढला. दुसरीतही, थोडा कमी. तिसऱ्या नळीत पूड होती तशीच राहिली. मी ती नळी मुनिमांना दाखवली, त्यांनी ती हमालमामांकडे दिली. मामांनी उजेडात धरून बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "जावा आता. पण खिडकीकडनं जावा."

नमस्कार.