पुस्तकाआधी ज्युरीची यादी

नमस्कार मंडळी.

इथे अमेरिकेत आठवी-नववीत गेलेल्या आपल्या बऱ्याच मुलांच्या दप्तरात ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ येतं. हार्पर ली यांची ही कादंबरी १९६० साली आली आणि पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळालं. गोष्ट सांगणारी मुलगी लहान, भाषा ओघवती, म्हणून घरी आपण म्हणतो, “वाच की, सोपं आहे.” आणि इथेच फसतं. पहिली अकरा प्रकरणं मुलं शेजारच्या गूढ घरात रमतात. पुढे एका कृष्णवर्णीय माणसावर बलात्काराच्या आरोपाचा खटला उभा राहिला की विचारतात, “पुरावा तर समोर दिसतोय, मग एवढं अवघड काय आहे?” त्याचं उत्तर पुस्तकात थोडंसंच आहे. बरंचसं गोष्ट जिथे घडते त्या दक्षिणेतल्या अलाबामा राज्याच्या तेव्हाच्या कायद्यांत आणि याद्यांत आहे, आणि ते आधी पाहिलं नाही तर खटला मुलांना नाटकी वाटतो.

त्यासाठी पुस्तक उघडायच्या आधी पाऊण पाऊण तासाच्या चार बैठका पुरतात.

पहिल्या बैठकीत एका मोठ्या कागदावर दोन आडव्या रेघा मारा. वरची रेघ गोष्टीच्या काळाची, १९३३ ते १९३५. खालची लिहिण्याच्या काळाची. तिच्यावर १९५४ चा शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा निकाल, ऑगस्ट १९५५ मध्ये मिसिसिपीत १४ वर्षांच्या एमेट टिलचा खून, आणि डिसेंबर १९५५ पासून ३८१ दिवस चाललेला, बसमधल्या वर्णभेदाविरुद्धचा माँटगोमेरीचा बस-बहिष्कार. कागदाच्या अगदी डाव्या टोकाला १८६५ लिहा, गुलामगिरी घटनेनं संपवली ते वर्ष. हे टोक नसलं की मुलं ‘गुलामांची गोष्ट’ म्हणून मोकळी होतात. गोष्ट आहे ती गुलामगिरी कायद्यानं संपून ७० वर्षं होत आली तरी कायद्यानंच वेगळं ठेवलेल्या माणसांची. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ‘वेगळे पण समान’, म्हणजे सोयी समान असतील तर गोरे आणि कृष्णवर्णीय वेगळे ठेवता येतील, हे मान्य केलं, ते १८६५ आणि १९३३ च्या मधे येतं.

दुसरी बैठक कापसाची, ती लवकर आटोपते. १९२९ ते १९३१ या काळात कापसाचा भाव पौंडाला सुमारे १७ सेंटवरून ६ सेंटच्या आसपास आला. वाट्यानं शेती करणाऱ्याच्या हाती रोख पैसा मुळातच कमी, तोही गेला. कादंबरीतला शेतकरी वकिलाची फी जळाऊ लाकडं आणि अक्रोडासारख्या हिकरीच्या बिया देऊन फेडतो, ते यामुळे.

तिसऱ्या बैठकीला मात्र वेळ द्या. ही बैठक कोर्टाची.

आधी मतदान. अलाबामाच्या १९०१ च्या राज्यघटनेनं वर्षाला दीड डॉलर पोल टॅक्स, म्हणजे मत देण्यासाठीचा कर, लावला. वय २१ ते ४५, आणि थकबाकी साठत जाणारी. मुलांना गुणाकार करायला लावा: २४ वर्षं, म्हणजे ३६ डॉलर. मत द्यायचं तर आधी सगळी थकबाकी भरायची. वर वाचता-लिहिता येतं का याची परीक्षा, आणि ती घेणारा नोंदणी अधिकारी गोरा. कायद्यात ‘काळा’ हा शब्द कुठे लिहावाच लागला नाही. हा मुद्दा मुलांना पटकन दिसत नाही, म्हणून इथे थांबा.

मग ज्युरी, म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणारे बारा साधे नागरिक. तिची यादी वेगळी. जिल्ह्याचे ज्युरी कमिशनर ‘प्रामाणिक आणि समंजस’ अशी ख्याती असलेल्या पुरुषांची नावं निवडत. बायकांना अलाबामात १९६६ पर्यंत ज्युरीत जागा नव्हती. ही यादी कशी चाले ते समजायला अलाबामातल्याच स्कॉट्सबरो गावचा खटला पाहा. २५ मार्च १९३१ ला मालगाडीतून नऊ कृष्णवर्णीय मुलांना उतरवून दोन गोऱ्या तरुणींवर बलात्काराच्या आरोपाखाली अटक झाली. बाराव्या दिवशी खटला सुरू, आणि चार दिवसांत आठ जणांना मृत्युदंडाची शिक्षा. पुढे १९३३ मध्ये त्यातल्या एका तरुणीनं कोर्टात सांगितलं की असं काही घडलंच नव्हतं. तरी ज्युरीनं दोषी ठरवलं. न्यायाधीश जेम्स हॉर्टन यांनी तो निकाल रद्द केला आणि पुढच्या वर्षीची निवडणूक ते हरले.

याच खटल्यातून १९३५ चा सर्वोच्च न्यायालयाचा ‘नॉरिस विरुद्ध अलाबामा’ निकाल आला; नॉरिस हा त्या नऊ जणांपैकी एक. जिल्ह्यानं ज्युरीच्या वहीत कृष्णवर्णीयांची नावं दाखवली होती. ती मागाहून घुसडली आहेत, असं आरोपींचे वकील सॅम्युअल लीबोविट्झ यांनी सांगितलं. सर्वोच्च न्यायालयात वही आणि भिंग पुढे ठेवलं गेलं, आणि न्यायमूर्तींनी स्वतः पान पाहिलं. मुलांसमोर हे करून दाखवा: वहीच्या पानावर ओळीनं नावं लिहा, शेवटी रेघ मारा, मग रेघेवर दाटीवाटीनं आणखी एक नाव बसवा. निकाल आरोपींच्या बाजूनं लागला. तरी जानेवारी १९३६ मध्ये पुन्हा गोऱ्यांच्याच ज्युरीनं त्या नऊपैकी हेवूड पॅटरसनला ७५ वर्षांची शिक्षा दिली. कादंबरी म्हणजे या खटल्याची नक्कल नाही. पण बारा खुर्च्यांवर कोण बसणार हे आधीच कसं ठरतं, ते इथे लख्ख दिसतं.

चौथी बैठक शब्दांची. पुस्तकात कृष्णवर्णीयांसाठीची शिवी वारंवार येते. मोठ्यानं वाचताना ती उच्चारायची नाही हे आधीच ठरवा. ‘नीग्रो’ हा तेव्हाचा सभ्य शब्द, तो निराळा. मुलं दोन्ही एकच समजतात. मराठीत समजावताना ‘हबशी’, ‘काळ्या’ असलं काही तोंडी येऊ देऊ नका. कृष्णवर्णीय म्हणा, आफ्रिकी-अमेरिकन म्हणा.

“म्हणजे आपल्याकडची जातच,” असं एका वाक्यात गुंडाळणंही चुकीचं. धागा खरा आहे: जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना, आणि १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी आफ्रिकी-अमेरिकन विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहिलं. पण फरकही मुलांकडूनच काढून घ्या. “तेव्हा आपण इथे कोण असतो?” असं ती विचारतात. १९२३ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयानं भारतीय माणूस नागरिकत्वासाठी ‘गोरा’ नाही असं ठरवलं होतं, आणि ते दार १९४६ मध्ये उघडलं, एवढं नेमकं सांगा.

मग पुस्तक सुरू करा, निकाल न सांगता. सोळावं प्रकरण संपलं की थांबा आणि कोर्टाच्या खोलीचं चित्र काढायला सांगा: खाली गोरे, वर सज्जात कृष्णवर्णीय, एका बाजूला बारा खुर्च्या. प्रत्येक जागेपुढे लिहायचं, इथे कोण बसू शकतो आणि कोणत्या नियमानं. चित्र पुरं झालं की सतरावं प्रकरण.