मुलांच्या मानेचा मार आणि ऑपरेशनाविना उपचार

नमस्कार श्रोतेहो. संक्रांत आली की नागपूरच्या गच्च्या मुलांनी भरून जातात. नजर पतंगावर आणि पाय कठड्याशी. त्यातून पडलेलं लेकरू मान धरून रडू लागलं, की घरातलं कोणीतरी तेलाची वाटी घेऊन चोळायला बसतं, नाहीतर मान 'बसवून' देणाऱ्याकडे नेतं. हात जोडून सांगतो, हे करू नका. मान हलू देऊ नका, 108 ला फोन करा.

आठ वर्षांखालच्या मुलाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं. सपाट फळीवर निजवलं की हनुवटी छातीकडे झुकते. म्हणून खांद्यांखाली चादरीची घडी हवी, कान आणि खांदा एका रेषेत यावेत इतकीच. मणक्यांना बांधणारे अस्थिबंधही या वयात सैल असतात, त्यामुळे कधी एक्स-रे स्वच्छ येतो आणि इजा मज्जारज्जूला झालेली असते. हातापायांना मुंग्या येऊन गेल्या असं मूल म्हणालं, तर आता बरं वाटतंय म्हणून सोडून देऊ नका. मेडिकल, मेयो, एम्स, यातलं जे रुग्णालय जवळ असेल तिथे दाखवा; एमआरआय लागू शकतो.

दिलासा हा, की यातल्या बहुतेक मुलांना ऑपरेशन लागत नाही. कोवळं हाड जुळतं. मानेच्या दुसऱ्या मणक्याचा वरचा खुंट मोडला तरी तो जागेवर आणून हॅलो, म्हणजे मान स्थिर ठेवणारी, पिनांनी कवटीला बसवलेली कडी, लावला, की बहुधा काही महिन्यांत सांधतो. डोक्याभोवतीची ती कडी आणि पिना पाहून आया घाबरतात, ते साहजिक आहे. लहानांची कवटी पातळ, म्हणून पिना मोठ्यांपेक्षा जास्त लावतात, पण हलक्या कसतात.

मान एका बाजूला वळून अडकली, तर मात्र दिवस घालवू नका. घशाच्या संसर्गानंतरही असं होतं. पहिल्या आठवड्यात मानेचा मऊ पट्टा आणि वेदनाशामक औषधावर बरेचदा भागतं. त्यापुढे भरती करून मान ताणायला वजन लावावं लागतं, आणि महिना उलटला की काम फार अवघड होतं.

आपल्या उन्हाळ्यात पट्ट्याखाली घामोळं येतं, हनुवटीखाली आणि डोक्यामागे कातडी सोलते. डॉक्टरांनी पट्टा उघडायची परवानगी दिली असेल, तरच रोज दोघांनी मिळून पुसा: एकाने डोकं स्थिर धरायचं, दुसऱ्याने ओल्या फडक्याने पुसून कोरडं करायचं. दुखणं थांबलं म्हणून पट्टा स्वतःहून काढू नका. कबड्डी, पोहण्याच्या उड्या, झाडावर चढणं, हे पट्टा निघाल्यावरही डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद.