एका हंगामासाठी रँचवर

[पडद्यावर: मे महिन्याची पहाट, मोंटाना. डोंगरमाथ्यावर अजून बर्फ. घोड्यांचा कळप धुरळा उडवत कुंपणात शिरतो.]

मे उजाडला की अमेरिकेच्या मोंटाना राज्यातल्या रँचवर घोड्यांना उसंत नसते. आधी वासरांना डागायचं, मग गुरं उन्हाळी कुरणांवर चढवायची आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तीच डोंगरातून हुडकून खाली आणायची. या कामाला जोडून अनेक मालक आपला तरुण घोडा हंगामभर रँचवर ठेवतात. लगामाची भाषा त्याला रिंगणातही शिकवता येते. पण वाहता ओढा, घसरता उतार आणि वासरासाठी अंगावर येणारी गाय रिंगणात कुठून आणणार?

तयारी दोन महिने आधी सुरू होते. प्रथम तोंड पाहायचं. पुढच्या दाढेसमोर कधी कधी इवलासा दात असतो, त्याला वुल्फ टूथ म्हणतात. लगामाचं कडियाळं, म्हणजे तोंडातला लोखंडी भाग, त्यावर आपटलं की घोडा मान झटकतो आणि लोक त्याला हट्टी ठरवतात. तो दात आधीच काढून जखम भरू द्यावी. रँचकडे निघण्याच्या आठवडाभर आधी नाल ठोकून घ्यावेत. एखादा खिळा खुराच्या जिवंत भागाजवळ गेला असेल, तर लंगडणं घरीच लक्षात येतं.

कागदपत्रांत कॉगिन्स चाचणी सर्वांत महत्त्वाची. घोड्यांच्या संसर्गजन्य रक्तक्षयाच्या विषाणूविरुद्ध रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं त्यात शोधतात. गोमाश्यांमधून पसरणाऱ्या या रोगावर इलाज नाही. सोबत पशुवैद्यकाचा आरोग्य दाखला हवा. मोंटानात जिल्ह्याची हद्द ओलांडतानाही डागाची, म्हणजे मालकीची तपासणी लागते.

[पडद्यावर: ट्रेलरची फळी. घोडा पाऊल टाकतो, थांबतो.]

लांबच्या प्रवासात मान उंच बांधून ठेवू नये. डोकं खाली नेता आलं नाही, तर श्वासनलिकेतली घाण बाहेर पडत नाही आणि फुफ्फुसांना संसर्ग होतो. वाटेत थांबून पाणी पाजावं, मान मोकळी सोडावी. घरचं गवतही बरोबर द्यावं. नव्या चाऱ्यावर सात ते दहा दिवसांत हळूहळू आणलं, तर पोटशूळाचा धोका कमी होतो.

रँच निवडताना एक प्रश्न हमखास विचारावा: एका काउबॉयकडे घोडे किती? मोठ्या रँचवर एकेकाच्या वाट्याला पाच-सात असतात. आज वीस-पंचवीस किलोमीटर दुडकत गेलेल्या घोड्याला पुढचे दोन-तीन दिवस आराम मिळतो. घोडा घडतो तो या आलटापालटीतून. रोज तोच घोडा जुंपला, तर महिनाभरात बरगड्या दिसतात, पाठ दुखते आणि कान मागे पडतात. आरामाच्या दिवशी दाणा कमी करायचा. बसल्या जागी पोटभर दाणा खाल्लेला घोडा दुसऱ्या दिवशी कामाला लावला, तर मागच्या पुठ्ठ्यांचे स्नायू आखडून तो जागीच खिळतो.

[पडद्यावर: खोगीर उतरतं. खालचं कांबळं उचललं जातं. ओली पाठ.]

इथे कॅमेरा थोडा थांबवू. घामाने पाठ सगळीकडे सारखी ओली आहे, फक्त खांद्यामागे तळहाताएवढा कोरडा डाग. तिथे खोगीर इतकं दाबतंय की घामही फुटलेला नाही. दुर्लक्ष केलं तर पुढे त्याच जागी पांढरे केस उगवतात. कुरणावर गोल झालेला घोडा कामाने बारीक होतो, त्याची पाठ बदलते. म्हणून जूनमध्ये बसलेलं खोगीर ऑगस्टमध्ये बसेलच असं नाही. तंगाखालची, म्हणजे खोगीर आवळणाऱ्या पोटपट्ट्याखालची कातडीही रोज बोटांनी चाचपायची.

दोराची, म्हणजे फासा टाकून वासरू धरण्याची वेळ सर्वांत शेवटी येते. आधी जमिनीवर उभं राहून दोर अंगावरून, पायांमधून, शेपटीखालून फिरवतात. शेपटीखाली अवचित दोर गेला, की न शिकलेला घोडा शेपूट दाबून उधळतो. मग ओंडका ओढायचा, त्यानंतरच ऐंशी-नव्वद किलोचं वासरू. स्वार दोराचे वेढे खोगिराच्या शिंगाला, म्हणजे पुढच्या खुंटीला देतो. त्या वेळी अंगठा वर राहिला पाहिजे, वेढ्यात सापडलेली बोटं तुटतात. पाठीच्या मणक्यांची वाढ साडेपाच वर्षांच्या आसपास पुरी होते. तीन वर्षांच्या घोड्याला मोठ्या बैलाच्या दोराला लावणाऱ्याकडे आपला घोडा देऊ नये.

करार लेखी हवा. स्वारी कोण करणार, नाल कोण बदलणार, पोटशूळाच्या शस्त्रक्रियेवर किती खर्चाला मालकाची संमती आहे, हे त्यात यावं. रात्री दोन वाजता, दवाखाना तीन तासांवर असताना, फोन लागेलच असं नाही.

[पडद्यावर: ऑक्टोबर. पिवळी पडलेली झाडं. मालक रिकिबीत पाय ठेवतो.]

घोडा परत नेण्याआधी मालकाने दोन दिवस तिथेच, त्याच स्वाराबरोबर, गुरांमागे घोड्यावर बसून पाहावं. पाच महिने हलक्या टाचेला सरावलेल्या घोड्याला जोरात टाच लागली की तो उसळी घेतो. घरी आल्यावर दाणा उतरवावा, पण त्याला तबेल्यात कोंडू नये. पहिला आठवडा त्याला कुरणात मोकळा सोडावा, आणि शेवटचे नाल कधी ठोकले ती तारीख काउबॉयकडून लिहून घ्यावी. सहा ते आठ आठवड्यांत ते बदलायचे असतात.